मोटर बसवली, पण कासरा कुणाच्या हातात?

(तासगाव येथील बैठकीत एका शेतकरी-कारागिरानं केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून इथं कापसाच्या भावावर बोलणं झालं, शाळूवर झालं, पावसावर झालं. आता मला सुताराच्या रंधा मशीनवर बोलायला उभं केलंय. काही जण मनात म्हणत असतील, आपण कोरडवाहू शेतकरी, आपला आणि रंधा मशीनचा काय संबंध? संबंध आहे. थोडं ऐकून घ्या. मी इंजिनिअर नाही. चार एकर कोरडवाहू आणि बापाकडून आलेलं सुतारकाम, एवढीच माझी शाळा. पण या शाळेची फी माझ्या घरानं फार मोठी भरली आहे. ती तुम्हाला भरायला लागू नये म्हणून बोलतो.

सुतार गावातून का गेला

पूर्वी गावचा सुतार बलुत्यावर होता. वर्षभर त्यानं तुमची कुरी नीट करायची, कुळवाचं रुमणं बदलायचं, जू तासायचं, गाडीच्या आऱ्या बसवायच्या. शाळूची मळणी झाली की खळ्यावर येऊन त्यानं आपला वाटा न्यायचा. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, बलुतं मोडलं. सुताराची पोरं शहरात फर्निचरच्या कामाला गेली. आज गावात कुऱ्हाडीला दांडा बसवायचा तरी बाजाराचा दिवस धरावा लागतो.

पण काम संपलेलं नाही. दारं-खिडक्या आहेत, देव्हारे आहेत, पलंग आहेत, शाळेची बाकं आहेत. कापसाची शेवटची वेचणी झाली, शाळू कापून झाला की आपली तरणी पोरं पुढचे चार महिने पारावर बसून असतात. त्यातल्या दोघांनी मिळून एक रंधा मशीन घातलं तर तालुक्याला जाणारा पैसा गावात राहतो. अशी मशीनं आता बऱ्याच गावांत आली आहेत. काही ठिकाणी जुनं मशीन डिझेल इंजिनावर चालायचं, त्याला आता मोटर बसवतात. हिशेबानं ते बरोबरच आहे. तीन एच.पी.ची मोटर भरल्या लोडवर तासाला पावणेतीन युनिटच्या आसपास वीज घेते. तेवढ्याच कामाला डिझेल किती जळतं आणि त्याचा भाव काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा मोटर बसवू नका असं मी म्हणत नाही. बसवाच. माझा प्रश्न एवढाच आहे, की मोटर बसवताना कासरा बसवला का?

बैल आणि कासरा

मोटर म्हणजे बैल. बैल कितीही गुणी असला तरी कासऱ्याशिवाय कुणी गाडी हाकत नाही. मोटरीचा कासरा म्हणजे तिचा स्टार्टर, तिचा रिले, तिचं थांबवायचं बटण. आपण काय करतो? बैल निवडायला चार बाजार हिंडतो, आणि कासरा म्हणून रस्त्यावर पडलेली सुतळी बांधतो. मोटर कंपनीची घेतो, पैसे मोजून घेतो, आणि स्टार्टर मात्र विहिरीवरचा जुना काढून आणतो.

पूर्वी असं नव्हतं. इथून जवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर तो कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात असतानाच त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं होतं, मग लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी सुरवातीला तो नांगर घेईनात, ही गोष्ट आपल्या भागात अजून सांगतात. त्या काळच्या कारखान्यांत प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नसायची. छताखाली एक लांब दांडा असायचा, तो एका इंजिनावर फिरायचा, आणि त्यावरून मशीनला चामड्याचा पट्टा यायचा. कारागिराला मशीन थांबवायचं झालं तर तो हाताजवळच्या लाकडी दांडीनं पट्टा बाजूच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. इंजिन फिरत राहायचं, मशीन थांबायचं. त्यातही हात जायचे, पट्ट्यात माणसं ओढली जायची. पण मशीन कधी सुरू व्हायचं, हे मशीनपाशी उभा असलेला माणूस ठरवायचा.

माझ्या घरात हे ठरवणारा माणूस उरला नाही. ते सांगतो.

माझ्या हातून झालेली चूक

आमचं रंधा मशीन विहिरीजवळच्या शेडमध्ये होतं. थोरला भाऊ मशीन चालवायचा, आम्ही त्याला दादा म्हणतो. वायरीचं, मोटरीचं मी बघायचो. विहिरीवर साडेसात एच.पी.चा पंप, त्याचा स्टार्टर, आणि त्यावर ऑटो स्विच. मी शहाणपणा केला. त्याच स्टार्टरवरून चेंजओव्हर टाकून मशीनच्या तीन एच.पी. मोटरीला वायर नेली. पाणी पाजायचं तेव्हा दांडी वर, लाकूड रंधायचं तेव्हा दांडी खाली. वेगळ्या स्टार्टरचा खर्च वाचला म्हणून मी खुशीत होतो.

ऑटो स्विच काय करतो ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री दोनला लाईट येते. थंडीत, साप-विंचवाच्या अंधारात विहिरीवर कोण जाणार? म्हणून आपण ऑटो बसवतो. लाईट आली की थोड्या वेळानं तो आपोआप स्टार्टर उचलतो, मोटर चालू. पंपाला ते चालून जातं, कारण पंपात कुणाचा हात नसतो.

२००६ साल होतं. लोडशेडिंगचा काळ. लाईट कधी जाईल, कधी येईल याचा नेम नव्हता. शाळूची काढणी चालू होती. दादा सकाळी शेडमध्ये एका घराच्या चौकटी रंधत होता. लाईट गेली. दादानं पाच-दहा मिनिटं वाट बघितली. नुसतं बसून काय करायचं म्हणून पात्यांच्या रोळाखाली अडकलेला भुसा काढायला त्यानं हात घातला. शेडमध्ये दिवा नव्हता, लाईट आलेली कळायला काही साधन नव्हतं. लाईट आली, ऑटोनं आपलं काम केलं. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दादानं मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. पण तो स्विच मी बसवला होता. त्या दिवशी मशीन बिघडलेलं नव्हतं, मोटर बिघडलेली नव्हती. सगळं जसं जोडलं होतं तसंच चाललं. ज्यानं जोडलं त्याला कळत नव्हतं, की पंपाचा कासरा रंध्याला चालत नाही.

बरोबर काय असतं

आता मी नंतर जे शिकलो ते सांगतो. वायरमनशी बोलताना तुम्हाला एवढं माहीत असलं पाहिजे. कुणी वहीत लिहून घेतलं तर बरं.

पहिली गोष्ट, स्टार्टर. साध्या डी.ओ.एल. स्टार्टरच्या आत एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की ती कॉइल संपर्क धरून ठेवते. लाईट गेली की कॉइल सुटते, आणि लाईट परत आली तरी आपण होऊन धरत नाही. माणसानं पुन्हा हिरवं बटण दाबलं तरच मशीन फिरतं. ही सोय कारखानदारानं माणसाच्या जिवासाठी ठेवलेली आहे. ऑटो स्विच नेमकी तीच सोय मारून टाकतो. म्हणून जिथं माणसाचा हात मशीनजवळ जातो तिथं ऑटो स्विच चालणार नाही. नुसता चाकूचा मेन स्विच लावून मशीन चालवणंही तितकंच वाईट. दांडी वर राहिली आणि लाईट आली की मशीन फिरलंच. पंपावरसुद्धा ऑटो लावू नका असं महावितरण सांगतं. लाईट येताच सगळे पंप एकदम उठतात आणि डी.पी. जळतो. तिथला निकाल तुमचा तुम्ही लावा. रंध्यावर मात्र तो नकोच.

दुसरी गोष्ट, रिले. मोटरीच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात. तीन एच.पी.ची थ्री फेज मोटर साधारण साडेचार-पाच अँपिअर घेते. रिलेचा काटा पाटीवर असेल त्या आकड्यावर लावायचा. साडेसात एच.पी. पंपाचा रिले दहा-अकरा अँपिअरला लावलेला असतो. तीन एच.पी.ची मोटर जळून गेली तरी तो पडत नाही. माझी तीही चूक होतीच. आणि एक फेज गेली तर काय होतं हे तुम्ही विहिरीवर बघितलेलं आहे. थांबलेली मोटर नुसती घुमते, चालू असलेली मोटर उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढत जळते. फ्यूज वायर वाचवतो, मोटर नाही. मोटर वाचवायला बरोबर लावलेला रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर लागतो.

तिसरी गोष्ट, पुलीचं गणित. मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, बरोबर मशीनचे फेरे गुणिले मशीनच्या पुलीचा व्यास. मोटर १४४० फेऱ्यांची, तिच्यावर ८ इंची पुली, रोळावर ३ इंची. १४४० गुणिले ८ म्हणजे ११,५२०, भागिले ३, म्हणजे ३,८४० फेरे. रंध्याच्या रोळाला ते ठीक आहे. आता ती मोटर जळाली आणि तुम्ही पंपावरची २८८० फेऱ्यांची मोटर आणून त्याच पुलीवर चढवली, तर रोळ ७,६८० फेऱ्यांनी फिरेल. फेरे दुप्पट झाले की पाती बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. पातं सुटलं तर ते गोळीसारखं येतं. म्हणून मोटर बदलली की पुलीचं गणित पुन्हा मांडायचं. मशीनच्या पाटीवर जास्तीत जास्त फेरे लिहिलेले असतील तर त्यावर जायचं नाही.

चौथी गोष्ट, फिरण्याची दिशा. थ्री फेज मोटरीच्या कुठल्याही दोन फेज बदलल्या की मोटर उलटी फिरते. डी.पी.वर काम झालं, वायर बदलली, की लाकूड घालण्याआधी क्षणभर बटण दाबून दिशा बघायची. गोल करवत उलटी फिरली तर लाकूड उचलून फेकते.

पाचवी गोष्ट, लाल बटण. थांबवायचं बटण मोठं, छत्रीसारखं, आणि पात्यावरून हात न नेता पोहोचेल अशा जागी हवं. पायानं किंवा ढोपरानं दाबता आलं तर फारच चांगलं, कारण अडचणीच्या वेळी दोन्ही हात लाकडात गुंतलेले असतात. स्टार्टर पाठीमागच्या भिंतीवर असेल तर तो असून नसून सारखाच. मशीन मधे आणि स्टार्टर पलीकडे, असं मी आजही दहा ठिकाणी बघतो.

सहावी गोष्ट, झाकणं आणि अर्थिंग. पट्ट्यावर जाळी, पात्यावर झाकण, करवतीमागं चिरलेलं लाकूड परत मिटू नये म्हणून फाळी. मोटरीच्या अंगाला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या तारा, हा नियमच आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. आपल्याकडची कोरडी जमीन करंट ओढून घेत नाही. अंगावर सैल टॉवेल नको, लोंबता पदर नको, फिरत्या मशीनवर हातमोजेही नकोत. मोजा पात्यात सापडला की हाताला ओढून नेतो.

आणि सातवी, पैसे न लागणारी गोष्ट. पातं बदलायचं, भुसा काढायचा, पट्टा ओढायचा, तर आधी मेन स्विच खाली पाडायचा आणि फ्यूजचे किटकॅट काढून खिशात घालायचे. ज्याचा हात मशीनमध्ये, त्याच्याच खिशात किटकॅट. हा आमच्या घरचा कायदा आहे. दादानंच केलेला.

नवं यंत्र, जुनी चूक

आता एक नवं यंत्र आलंय, त्याला व्ही.एफ.डी. म्हणतात. काही ठिकाणी गावठाणात थ्री फेज मिळत नाही, सिंगल फेज असते. काही व्ही.एफ.डी. सिंगल फेज घेऊन मोटरीला थ्री फेज देतात. मोटर हळू उठते, झटका बसत नाही, बटण फिरवून फेरे कमी-जास्त करता येतात. कातकामाच्या लेथला तर ही मोठी सोय आहे. जाड ओंडका कातायचा तर फेरे कमी लागतात, पलंगाचा बारीक पाय कातायचा तर जास्त. पुली बदलत बसायला नको.

पण तिथंही डोळे उघडे ठेवा. २३० व्होल्टची सिंगल फेज घेणारा असा डबा मोटरीलाही २३० चीच थ्री फेज देतो. मोटरीच्या पाटीवर २३० आणि ४१५ असे दोन्ही आकडे असतील तर आतला जोड स्टारचा डेल्टा करून ती चालते. नुसते ४१५ असतील तर पुरा जोर मिळणार नाही. डबा आणि मोटर यांच्या मधे स्विच टाकू नका, तिथं कॅपॅसिटर तर कधीच नको. फार कमी फेऱ्यांवर मोटर तासन् तास चालवली तर तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. आणि सगळ्यात महत्त्वाचं. या डब्यात 'ऑटो रीस्टार्ट' नावाची एक सेटिंग असते. लाईट आली की आपोआप सुरू व्हायची. माझ्या विहिरीवरचा तोच ऑटो स्विच, आता नव्या डब्यात बसून आलाय. बसवणाऱ्याला समोर उभं करून ती बंद करून घ्या. मग मेन पाडून, परत चालू करून स्वतः बघा. मशीन गप्प राहिलं तरच त्याचे पैसे द्या.

जोडणी आणि कायदा

विहिरीच्या वीजजोडणीवर रंधा मशीन चालवू नका. मी चालवलं ते चूकच होतं. २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आहे, म्हणून मोह होतो. पण ती वीज पंपाची आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. शिवाय शेतीच्या लाईनीला पाळी असते, आणि पाळी म्हणजे लाईट जाणं-येणं. माझ्या घरचा अपघात त्याच जाण्या-येण्यातला आहे. धंद्यासाठी वेगळी जोडणी घ्या.

ओंडके चिरायची आरागिरणी काढायला वनखात्याचा परवाना लागतो. तेव्हा चिराई परवान्याच्या गिरणीत करून आणावी आणि गावात रंधाई, जोडकाम, कातकाम करावं. भांडवलाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम हा अठरा धंद्यांपैकी एक आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत ५ टक्क्यांनं कर्ज अशी तिची मांडणी आहे. कागद घेऊन विचारपूस करा. मिळालं तर त्यातलं पहिलं बिल चांगल्या स्टार्टरचं असू द्या.

घरी गेल्यावर

शेवटचं सांगतो. रंधा मशीन गावात एखादंच असेल. पण कडबाकुट्टी तुमच्या प्रत्येकाच्या गोठ्यात आहे. पूर्वी ती हातानं फिरायची. हात थांबला की चाक थांबायचं. आता तिला मोटर आहे, आणि तिच्या तोंडात कडबा घालणारी बहुतेक घरांत आपली बाई असते, कधी शाळेतून आलेलं पोर असतं. मळणी यंत्रात माणसांचे हात जाऊ लागले म्हणून १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. कायदा झाला म्हणून हात वाचले असं होत नाही. हात वाचवणारं बटण आपल्या भिंतीवर असावं लागतं.

आज घरी गेलात की चार गोष्टी बघा. कडबाकुट्टीच्या मोटरीला स्टार्टर आहे की नुसती पिन प्लगात खुपसलीय? लाईट जाऊन आली तर ती आपोआप फिरते का? थांबवायचं बटण कडबा घालणाऱ्या बाईच्या हाताला लागतं का, की ते गड्याच्या उंचीवर आहे? पट्ट्याला झाकण आहे का? चारातलं एक जरी उत्तर वाईट आलं, तर उद्या सकाळी वायरमनला बोलवा. पिकाला खत घालायचं एक दिवस पुढं ढकललं तरी चालेल, हे ढकलू नका. आणि मायबहिणींनो, तुम्ही बघा. घरातला गडी विसरेल. ज्याचा हात आत जातो त्यानंच विचारलं पाहिजे.

दादा आजही मशीन चालवतो. तीन बोटांच्या हातानं रंधलेली त्याची चौकट सरळ असते. मशीनपाशी आलेल्या प्रत्येक नव्या पोराला तो आधी लाल बटण दाबायला लावतो, हिरवं नंतर. थांबवता येतं हे कळल्याशिवाय चालू करायचं नाही, असं तो म्हणतो. बैलाला गाडीला जुंपताना आपला बाप आपल्याला हेच शिकवत होता. आधी कासरा हातात घे, मग जू मानेवर ठेव.

एवढं बोलून मी खाली बसतो.